वाळा आणि कडुनिंब : अंगणात काय लावावे?

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे घरोघरी एक प्रश्न निघतो. अंगणात किंवा परसात थोडी जागा मोकळी आहे. तेथे यंदा काय लावावे? घरातील धाकट्यांना लवकर वाढणारे व डोळ्यांना सुखविणारे काही हवे असते. वडील माणसे म्हणतात, “एक चांगले झाड लावा, उन्हाळ्यात उपयोगी पडेल.” दोघांचेही म्हणणे वाजवी आहे. परंतु जागा थोडी, पाणी त्याहून थोडे आणि पावसाळा वर्षातून एकदाच येणारा. म्हणून निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

विलायती बागकामाच्या पुस्तकांत हाच प्रश्न शोभेचे गवत आणि ओक वृक्ष यांच्या रूपाने मांडलेला दिसतो. ओकचे भाईबंद हिमालयाच्या मध्यम उंचीवर वाढतात. तेथे त्यांना ‘बांज’ म्हणतात. सौंसर व पांढुर्णा या भागांतील काळी जमीन आणि वैशाखातील ऊन त्यांना मानवणार नाही. तेव्हा आपण आपल्या ओळखीची जोडी घेऊ : गवतांपैकी वाळा आणि वृक्षांपैकी कडुनिंब.

ही दोन्ही नावे आपल्या घरात नवी नाहीत. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला सुगंध येतो. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडले की त्यातून येणारा वारा थंड होतो. कारण पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते. कडुनिंबाचा कोवळा पाला गुढीपाडव्याला आपण गुढीला बांधतो आणि चाखतोही. मात्र माठातील जुडी पाहणाऱ्या अनेकांनी वाळ्याचे हिरवे ठोंब कधी पाहिलेले नसते. ते पुरुषभर उंच वाढते. त्याची लांब, अरुंद पाती टोकाशी वाकतात आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्यावर जांभळट तुरे येतात. शोभेसाठी याहून दूर जाण्याचे कारण नाही.

आता दोघांच्या शरीररचनेकडे पाहू. वाळा एकदल वनस्पती आहे. त्याला एक मुख्य मूळ नसून बुंध्यापासून शेकडो तंतुमुळे निघतात. इतर पुष्कळ गवतांची मुळे उथळ पसरतात. वाळ्याची मुळे सरळ खाली जातात आणि अनुकूल जमिनीत तीन मीटरांपर्यंत पोहोचतात. कडुनिंब द्विदल आहे. त्याचे सोटमूळ खोल जाते, त्याला बाजूची मुळे फुटतात आणि सालीच्या आत असलेला पेशींचा एक पातळ थर दरवर्षी नवे लाकूड घालीत राहतो. गवताजवळ असा थर नसतो. म्हणून गवत ठोंबाने रुंदावते, पण त्याचे खोड होत नाही. झाड मात्र वर्षानुवर्षे जाड होत जाते.

दुसरा भेद व्यवहाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. गवताचा वाढीचा अंकुर जमिनीलगत असतो. वरची पाती कापली किंवा गुरांनी ओरबाडली, तरी ते पुन्हा फुटते. कडुनिंबाच्या रोपाचा मुख्य अंकुर शेंड्यावर असतो. शेळीने एकदा शेंडा खाल्ला की रोप खुंटते. पुन्हा फुटले तरी बहुधा वाकडेतिकडे वाढते. गवत एका चुकीची क्षमा करते, रोप सहसा करीत नाही. झाडे लावण्याचे समारंभ पुष्कळ होतात आणि झाडे मात्र थोडी उरतात, याचे एक कारण येथे आहे.

आता त्यांच्या कामाकडे वळू. आपला प्रदेश सातपुड्याच्या दक्षिण उतारावर आहे. वर्षातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मोठ्या सरीनंतर कन्हान नदीचे पाणी तांबूस, गढूळ होते. तो रंग पाण्याचा नसून आपल्या शेतांचा व अंगणांचा असतो! बोटभर जाडीची माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात. उतारावर आडवी, समपातळीत वाळ्याची दाट ओळ लावली, तर वाहते पाणी तिच्याशी अडते, त्याचा वेग मंदावतो, सोबतचा गाळ मागे बसतो आणि पाणी पात्यांमधून हळूहळू पुढे जाते. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरातील शेतकरी शेताच्या हद्दीवर हे गवत पूर्वीपासून लावीत आले आहेत. जागतिक बँकेसाठी काम करणारे जॉन ग्रीनफील्ड व रिचर्ड ग्रिमशॉ यांनी १९८७ साली या गवतावर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि पुढे अनेक देशांत अशा ओळी लावल्या गेल्या.

कडुनिंबाचे काम निराळे आहे. फाल्गुनाच्या सुमारास त्याची जुनी पाने गळतात आणि ऊन तापू लागते तोच नवी पालवी भरून येते. म्हणजे सावलीची खरी गरज असते तेव्हा ती हजर असते. येथे थोडे गणित करू. झाडाच्या पसाऱ्याचा व्यास १० मीटर धरला, तर मध्यान्ही त्याखाली सुमारे ७८ चौरस मीटर सावली पडेल. एका विद्यार्थ्याला बसण्यास अर्धा चौरस मीटर जागा धरली, तर १५० विद्यार्थी एका झाडाखाली बसू शकतील. शिवाय पानांतून पाण्याची वाफ होत असल्याने ही सावली पत्र्याच्या सावलीहून थंड असते. वाळ्याचे कितीही मोठे ठोंब असो, त्याखाली मांजरापलीकडे कोणाला बसता येणार नाही.

दोघांचे दोषही सांगितले पाहिजेत. सुगंधी मुळे हवी असतील, तर वाळ्याचे ठोंब खणून काढावे लागते आणि खणले की माती मोकळी होते. या गवताचे ‘वेटिव्हर’ हे जगप्रसिद्ध नाव तमिळ भाषेतून आले आहे आणि त्याचा अर्थच ‘खणून काढलेले मूळ’ असा आहे. म्हणून मातीसाठी लावलेल्या ओळीला कुदळ लावू नये. माठासाठी दोन ठोंब सपाट जागी वेगळे लावावे. कडुनिंबाचा दोष म्हणजे त्याला लागणारी जागा. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीलगतचे मोठे झाड जमिनीतील ओल शोषून त्या भेगा वाढविते, आणि उथळ पायाच्या घराला त्याचा त्रास होऊ शकतो. आज काडीएवढे दिसणारे रोप पुढे केवढे होणार, हे लक्षात घेऊनच ते घर, विहीर व विजेच्या तारा यांपासून दूर लावावे.

मग श्रेष्ठ कोण? माझ्या मते हा प्रश्न जागेला विचारला पाहिजे. ज्या उतारावरून माती वाहते, तेथे वाळा. जेथे ऊन तापते आणि जागा मोकळी आहे, तेथे कडुनिंब. दोन्ही गरजा एकाच अंगणात असतील, तर दोन्ही लावावे. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : वाळ्याला सावली सोसत नाही. कडुनिंबाजवळ लावलेली त्याची ओळ काही वर्षे जोमाने वाढेल आणि झाडाचा पसारा वाढू लागला की विरळ होईल. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. रोप लहान असताना माती धरून ठेवण्याचे काम गवताने केलेले असते. पुढे ते काम झाडाची मुळे व खाली पडणारा पालापाचोळा पुष्कळसे सांभाळतात. मोकळ्या उतारावरील ओळ मात्र तशीच राहू द्यावी.

लागवड अवघड नाही. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून उन्हात तापू द्यावा. चांगला पाऊस पडल्यावर माती व कुजलेले शेणखत भरून कडुनिंबाचे रोप लावावे आणि भोवती काट्यांचे कुंपण करावे. रोप नसेल तर ताजी निंबोळी पेरावी. जुनी उगवत नाही, कारण तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच नष्ट होते. पहिले दोन उन्हाळे रोपाशेजारी मातीचे मडके पुरून ते भरत राहावे, म्हणजे थोडे पाणी मुळांना हळूहळू मिळते. वाळ्याचे ठोंब फोडून त्याचे फुटवे १५ सेंटिमीटर अंतरावर एका ओळीत लावावे; १० मीटरांच्या ओळीला ६७ फुटवे पुरतात. बेणे घेताना बियांनी न पसरणारे लागवडीचे वाण मागून घ्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओळ दाट होते.

विद्यार्थी मित्रांनो, वाळ्याचे फळ तुम्हांला शाळेत असतानाच दिसेल. कडुनिंबाची पुरती सावली पडेल तेव्हा तुम्ही कदाचित नोकरी-धंद्यानिमित्त नागपूर, छिंदवाडा किंवा त्याहूनही दूर गेलेले असाल. त्या सावलीत दुसरीच मुले बसलेली असतील आणि झाड कोणी लावले हे त्यांना ठाऊक नसेल. आज आपण ज्या जुन्या झाडांखाली उभे राहतो, ती लावणाऱ्यांची नावे आपल्याला तरी कोठे ठाऊक आहेत? तेव्हा येत्या पावसाळ्यात एक ओळ स्वतःसाठी लावा आणि एक रोप त्या मुलांसाठी.