चाकं नसलेला बैल

पैसे भरून मुलांचं चित्रपुस्तक काढायचा विचार ज्यांच्या डोक्यात आहे, विशेषतः बालवाडीतल्या आणि प्राथमिक शाळेतल्या बायांच्या, त्यांनी हे आधी वाचावं. माझं पुस्तक निघालं, 45 हजार रुपये गेले, आणि वर 'मॅडम, तुम्ही फार किरकिर करता' हेही ऐकून घ्यावं लागलं. किरकिर कशाची होती ते मला एकदा नीट मांडायचं आहे, कारण पुस्तक काढणाऱ्या कंपनीत माझं नाव 'त्रास देणारी लेखिका' असं पडलं आहे आणि ते मला मान्य नाही.

नागपूरजवळच्या वाडीत माझी बालवाडी आहे. अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, ट्रकांच्या रांगा. माझ्याकडे येणारी पोरं हमालांची, ड्रायव्हरांची, आयुध निर्माणीत ठेक्याच्या कामावर जाणाऱ्यांची. त्यांच्यासाठी पुस्तकं शोधायला जावं तर चित्रांत कौलारू घर, अंगण, तुळस, समुद्र. ट्रक नाही, गोदाम नाही आणि तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा, तर नाहीच. म्हणून गोष्ट मीच लिहिली. मुन्नीचा बाप ट्रक घेऊन रायपूरकडे गेलेला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तिच्या लाकडी बैलाचं एक चाक निघतं. गोदामातले हमाल डब्याच्या झाकणाचं चाक ठोकून देतात आणि तो बैल खडखड करत, तिरपा चालत, सगळ्यांच्या मागून तोरणाखाली पोचतो. बालवाडीत ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली होती की कुठल्या वाक्याला पोरं हसतात आणि कुठं गप्प होतात हे मला पाठ होतं.

पुस्तक काढून देणारी कंपनी बाहेरगावची. नाव देत नाही. 'मुद्रण, चित्रं, आयएसबीएन, ऑनलाइन विक्री, सगळं एका पॅकेजमध्ये,' असं फोनवरच्या मुलानं सांगितलं. बोलणं गोड, आणि पैसे जमा होईपर्यंत रोज फोन.

पहिली चित्रं आली तेव्हाच मी हरकत घेतली होती, हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मला 'तुम्ही तर मंजुरी दिली होती' असं सांगण्यात आलं. मुन्नी एका पानावर मुलगी, पुढच्या पानावर धोतर-फेट्यातला मुलगा. मागे डोंगर आणि नारळाची झाडं. वाडीत नारळाची रांग कुणी पाहिली आहे? आणि बैल? खरा, शिंगं रंगवलेला, झूल घातलेला, रवंथ करणारा बैल. मी बाजारातून आणलेल्या लाकडी बैलाचे चारी बाजूंनी फोटो पाठवले. लिहून कळवलं की नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत नेतात, घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासूनची प्रथा सांगतात ती. उत्तर आलं, 'मॅडम, बैलपोळा सगळीकडे सारखाच असतो. वाचकाला खरा बैल आवडतो.' दुरुस्तीच्या दोन फेऱ्या पॅकेजमध्ये होत्या. त्या नारळ खोडण्यातच संपल्या. तिसरीला वेगळे पैसे. 'काळजी करू नका, फायनलला चाकं टाकतो,' असं तो मुलगा म्हणाला. फोनवर म्हणाला, लिहून दिलं नाही.

पार्सल आलं त्या दिवशी मी ते थेट बालवाडीत फोडलं. पोरं गोल बसली. मी वाचत गेले, पुस्तक त्यांच्याकडे धरून, जसं नेहमी धरते. चाक निघाल्याच्या पानावर आले आणि एक पोरगा उठून चित्राशी नाक लावून उभा राहिला. म्हणाला, 'बाई, याले तं चाकंच नाहीत. मंग निघालं कोणतं?'

सगळी पोरं चित्राकडे बघायला लागली. पानावर चार पायांवर धडधाकट उभा असलेला बैल, आणि खाली माझं वाक्य, की चाक निखळलं. पुढची सगळी पानं त्या चाकासाठीच लिहिलेली. वाचता न येणाऱ्या मुलाला चित्र हेच वाचन असतं. त्याच्यापुरतं ते पुस्तक खोटं बोलत होतं, आणि मुखपृष्ठावर नाव माझं होतं.

मग मी एकटीनं बसून ते पुस्तक नीट पाहिलं. माझी गोष्ट 21 पानांत संपली होती आणि उरलेल्या पानांवर कंपनीनं स्वतःच्या जाहिराती छापल्या होत्या. काही ठिकाणी जोडाक्षरं फुटलेली, वेलांटी भलत्याच अक्षरावर. पिवळा रंग मातकट झालेला. चित्रकाराचं नाव कुठंच नाही. आणि दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात, सर्व हक्क प्रकाशकाकडे.

चाकांपेक्षा ती ओळ मला जास्त लागली. फोन केला तर आधीचा मुलगा 'दुसऱ्या प्रोजेक्टवर' गेलेला. नवीन मुलगी म्हणाली, 'लीगल टीमशी बोला.' लीगल टीम म्हणजे एक ईमेल पत्ता. तिथून उत्तर आलं की हक्क कायमचे दिलेले आहेत, चित्रांच्या फाइल देता येणार नाहीत, आणि जादा प्रती हव्या असतील तर लेखकासाठी सवलतीच्या दरात मिळतील. माझी गोष्ट, माझे पैसे, आणि प्रती मीच विकत घ्यायच्या! एकदा तर ऐकवलं, 'तुमच्या भागात एवढं कोण बघतं?' या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. आमच्या भागातून, नागपुरातून, 'मुलांचे मासिक' निघत असे. ते वर्षानुवर्षं घरोघर वाचलं गेलं.

करार मी आमच्या ओळखीच्या एका वकील बाईंना दाखवला. त्यांनी वाचून विचारलं, यात 'कायमचे' कुठं लिहिलंय? कुठंच नव्हतं. मुदतीचा रकानाच नव्हता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो, त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती हे यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर तो 5 वर्षं धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क प्रकाशकानं वर्षभरात वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तो परत जातो. आणि कलम 57 असं आहे की हक्क विकले तरी आपलं काम आपलंच आहे हे सांगण्याचा, आणि त्याची मोडतोड होऊन आपल्या नावाला बट्टा लागत असेल तर दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. हे सगळं मी कलमांसकट कंपनीला लिहिलं. त्यानंतर 'कायमचे' हा शब्द त्यांच्या एकाही उत्तरात आला नाही. उत्तरंच बंद झाली. म्हणजे मी किरकिरी नव्हते, बरोबर होते.

आता ज्यांना पुस्तक काढायचं आहे त्यांच्यासाठी.

चांगला प्रकाशक लेखकाकडून पैसे घेत नाही, तो लेखकाला देतो. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनासारखे चित्रपुस्तकं काढणारे प्रकाशक आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, तिथं आधी गोष्ट पाठवून पाहावी. उत्तर यायला वेळ लागतो, नकारही येतो. तरी आधी तिकडेच पाठवा. ज्याला आपण पैसे देतो तो छपाईची सेवा विकतो, आणि मग आपण गिऱ्हाईक आहोत. चित्रांचे किती, मांडणीचे किती, कागद कोणता, किती जीएसएमचा (म्हणजे किती वजनाचा), प्रती किती, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून मागा.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे, पैसे कुणी मागितले तर देऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो फुकट देते, लेखकालाही देते, अर्ज ऑनलाइन आहे. माझ्या पॅकेजच्या यादीत त्याची किंमत लावलेली होती, आणि क्रमांक घेतला तो कंपनीच्या नावावर.

गोष्ट लिहून झाली की कागद दुमडून हातानं एक डमी करा. मध्ये पिन मारायच्या पुस्तकाची पानं 4 च्या पटीत येतात, छपाईचा फॉर्मा 8 किंवा 16 पानांचा असतो, म्हणून चित्रपुस्तकं बहुतेक 16, 24 किंवा 32 पानांची दिसतात. कोणतं वाक्य कोणत्या पानावर आणि पान उलटल्यावर काय दिसणार, हे तुम्ही ठरवलेलं असलं की दुसऱ्याला जाहिराती कोंबायला जागा उरत नाही. जे चित्रात दिसणार आहे ते शब्दांत परत लिहू नका. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं समोर ठेवून पाहा. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात, त्यामुळे शब्द कुठं थांबतो आणि चित्र कुठून बोलू लागतं हे तिथं दिसतं. 2016 साली पहिला बिग लिटल बुक पुरस्कार त्यांना मिळाला.

चित्रकार स्वतः निवडा, आणि शक्यतो आपल्या भागातला निवडा. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथल्या मुलांनी तान्हा पोळा लहानपणी ओढलेला आहे, त्यांना चाकं समजावून सांगावी लागणार नाहीत. आधी पेन्सिलची कच्ची चित्रं, ती पक्की झाल्याशिवाय रंग नाही. चित्रकाराशीही लेखी करार करा आणि त्यात त्याचा मोबदला, मूळ चित्रं कुणाकडे राहणार आणि दुसऱ्या आवृत्तीला काय, हे लिहा. नाव मुखपृष्ठावर द्या. चेन्नईच्या तारा बुक्सनं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' काढलं तेव्हा भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांना पुस्तकाचे कर्ते म्हणून मान दिला. माझ्या पुस्तकातली चित्रं ज्यानं कुणी काढली त्याचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. त्याला किती पैसे मिळाले असतील, हाही विचार येतो.

छपाईआधी त्याच कागदावरचा छापील प्रूफ मागा. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, छपाईचा चार शाईंचा. पोपटी आणि झगझगीत निळा हमखास मरतो. मराठी मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात गेला की अक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ वाचताना 'र' ची जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकेक बोट ठेवून तपासा. बालवाडीच्या वयासाठी असेल तर पिनेपेक्षा दोऱ्याची शिवण बरी. पिना निघतात आणि पोरांच्या तोंडात जातात. कोपरे गोल करून घ्या.

रॉयल्टी छापील किमतीवर लिहून घ्या, 'निव्वळ नफ्यावर' नको. नफा किती हे प्रकाशकच सांगणार. वितरक आणि दुकानदार मिळून किमतीचा मोठा हिस्सा घेतात, 40-50 टक्के सवलत मागणारे कमी नाहीत, त्यामुळे नफा नेहमीच शून्याच्या आसपास दाखवता येतो. फोनवर ठरलेलं प्रत्येक बोलणं त्याच दिवशी ईमेलनं पाठवून 'असं ठरलं आहे' म्हणून ठेवा. सही करण्याआधी करार वाचा, हे सगळेच सांगतात. मी आणखी सांगते, की जे लिहिलेलं नाही ते वाचा. मुदत, प्रदेश, फाइल कुणाच्या, करार मोडायचा कसा.

पैसे मिळवायचे नसतील, नुसती गोष्ट पोरांपर्यंत जायला हवी असेल, तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, 2015 पासून. तिथं मराठीत लिहिता येतं, तिथलीच चित्रं वापरता येतात. मात्र तिथला परवाना खुला असतो, तुमचं नाव ठेवून कुणीही ती गोष्ट छापू शकतं, बदलू शकतं, विकूही शकतं. ते मान्य असेल तरच टाका.

विदर्भातल्या शिक्षिकांना, अंगणवाडी सेविकांना माझी विनंती आहे. आपल्या पोरांच्या गोष्टी लिहायचं थांबवू नका, पण पैसे भरायच्या आधी कराराचा कोरा नमुना मागा आणि तो कुणा जाणकाराला दाखवा. आणि ज्यांचं पुस्तक असंच आधीच अडकलं आहे त्यांनी कपाटातला करार काढून मुदत लिहिली आहे का ते पाहावं. लिहिली नसेल, आणि सहीच्या तारखेपासून 5 वर्षं झाली असतील, तर ती गोष्ट तुमची आहे.