गाईचा वंश आणि गाईची गव्हाण

दूध पांढरे असते, असे आपण सहज म्हणतो. पण नीट बघा. म्हशीचे दूध पांढरेशुभ्र असते. गाईच्या दुधावर पिवळसर झाक असते. लोणी काढले की हा फरक चटकन डोळ्यांत भरतो.

आणखी एक गोष्ट घरातल्या बायकांना ठाऊक असते. त्याच गाईचे लोणी श्रावण-भाद्रपदात चांगले पिवळे निघते. चैत्र-वैशाखात ते फिके पडते. गाय तीच, गोठा तोच, घुसळणारे हातही तेच. मग रंग गेला कुठे?

या साध्या प्रश्नात मोठे शास्त्र आहे. ते आज समजून घेऊ.

दुधातले राखणदार

लोखंडी कोयता पावसात राहिला की गंजतो. वांगे चिरून ठेवले की काळे पडते. जुने तूप खवट होते. हे का होते? हवेत प्राणवायू असतो. त्याच्यावाचून आपण जगत नाही. पण हाच प्राणवायू लोखंडाला गंज चढवतो आणि स्निग्ध पदार्थ खवट करतो.

आपल्या आणि जनावरांच्या शरीरातही अशी झीज सारखी चालू असते. तिला आवर घालणारी काही द्रव्ये असतात. शास्त्रज्ञ त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आपण त्यांना राखणदार म्हणू.

दुधात असे राखणदार पुष्कळ आहेत. त्यांतले तीन आज ओळखून ठेवा.

पहिला कॅरोटीन. गाजराला रंग देणारे द्रव्य ते हेच. लोण्याचा पिवळेपणा याचाच. शरीरात गेल्यावर यापासून अ जीवनसत्त्व तयार होते. अ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येतो.

दुसरा ई जीवनसत्त्व. हा लोण्यात, म्हणजे दुधाच्या स्निग्ध भागात राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण काम मोठे करतो.

तिसरा सेलेनियम. हे जमिनीतले खनिज आहे. जमिनीतून ते चाऱ्यात येते, चाऱ्यातून गाईत आणि गाईतून दुधात. ते अगदी थोडे लागते, पण लागतेच.

वंशाचा वाटा

आता विचार करा. हे राखणदार दुधात किती असावेत, हे कोण ठरवते? गाईचा वंश, की गाईचा चारा?

आधी वंश पाहू. गाय आणि म्हैस एकाच गव्हाणीत एकच हिरवा चारा खातात. तरी म्हशीचे दूध पांढरेच राहते. कारण म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व करून मगच ते दुधात सोडते. गाय काही कॅरोटीन तसेच दुधात जाऊ देते. म्हणून म्हशीचे दूध पांढरे असले तरी ते अ जीवनसत्त्वाला पारखे नसते. रंगावरून भुलू नका.

गाईगाईंतही फरक असतो. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात जर्सी नावाचे लहानसे बेट आहे. तिथल्या गाईंचे दूध दाट आणि पिवळे. बाहेरची जनावरे येऊन वंश मिसळू नये म्हणून त्या बेटाने १७८९ साली कायदा केला आणि बाहेरून गुरे आणायला बंदी घातली. पुढे दोनशेहून अधिक वर्षे हा वंश तिथे वेगळा राहिला. जर्सी वळूंचे रेत वापरून आपल्याकडेही संकरित गाई तयार झाल्या. पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली सुरू केलेल्या बाएफ संस्थेने या कामात मोठा भाग घेतला.

मग एखादा वंश पिवळे दूध का देतो? प्रत्येक जीवाला आईकडून आणि बापाकडून काही खुणा मिळतात. त्यांना जनुके म्हणतात. गाईच्या शरीरात कॅरोटीन तोडणारे एक जनुक असते. काही गाईंमध्ये हे जनुक बिघडलेले असते. मग कॅरोटीन न तुटता दुधात उतरते आणि दूध अधिक पिवळे होते. न्यूझीलंडमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली ही गोष्ट दाखवून दिली. तेव्हा वंशाचा वाटा आहे, यात शंका नाही.

चाऱ्याचा वाटा

आता दुसरी बाजू. गाय स्वतः कॅरोटीन तयार करू शकत नाही. ई जीवनसत्त्वही करू शकत नाही. दोन्ही चाऱ्यातूनच यावी लागतात. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

कोवळ्या हिरव्या चाऱ्यात ही दोन्ही द्रव्ये भरपूर असतात. पण तोच चारा कापून उन्हात वाळवला की ऊन आणि वारा ती नासवून टाकतात. हिरवा रंग गेला म्हणजे कॅरोटीनही बहुतेक गेले, असे समजावे. कडब्याने गाईचे पोट भरते, पण राखणदार मिळत नाहीत. वैशाखातले लोणी फिके का, त्याचे उत्तर हे असे आहे.

जमिनीचाही वाटा असतो. फिनलंड देशाच्या जमिनीत सेलेनियम फार कमी. म्हणून चाऱ्यात कमी, दुधातही कमी. तिथल्या सरकारने १९८४ साली रासायनिक खतात सेलेनियम मिसळायचे ठरवले. थोड्याच काळात धान्यातले, मांसातले आणि दुधातले सेलेनियम वाढले. गाईंचा वंश बदलला नव्हता. बदलले होते ते खत.

आपण कसे ओळखावे?

गुण वंशाचा की चाऱ्याचा, हे ओळखण्याची एक रीत आहे. ती अगदी सोपी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बाकी सारे सारखे ठेवावे.

दोन गाई एकाच गोठ्यात आहेत. दोघी एकाच सुमारास व्यालेल्या. चारा एक, पाणी एक. तरी दुधात फरक पडला, तर तो बराचसा वंशाचा.

गाय एकच आहे. आठवडाभर कडबा घातला, मग काही दिवस हिरवा चारा घातला. लोण्यात फरक पडला, तर तो चाऱ्याचा.

बियाणे आणि जमीन यांचे असेच असते ना? चांगले बी खडकावर पेरले तर कणीस भरत नाही. काळ्या रानात पोचट बी पेरले तरी भरत नाही. वंश म्हणजे बी. गव्हाण म्हणजे रान.

एका घरातली गोष्ट

समजा, एका घरात एक गावठी गाय आहे. गाय उन्हाळ्यात व्याली. वासरू अशक्त निघाले आणि आठव्या दिवशी मेले. घरधनी कंटाळून म्हणाला, "अगं, ह्या गाईच्या वंशातच दम नाही. विकून टाकू. कर्ज काढून संकरित गाय आणू."

कारभारीण म्हणाली, "अहो, कर्ज काढायच्या आधी एक सांगा. गाय गाभण असताना शेवटचे दोन महिने तिच्यापुढं काय होतं?"

"कडबा. उन्हाळ्यात दुसरं काय असणार?"

"आणि चीक कुणाच्या पोटात गेला? निम्मा खरवसात, निम्मा शेजारीपाजारी. वासराला पहिल्या दिवशी किती पाजला?"

घरधनी गप्प बसला.

बाईने नेमक्या जागी बोट ठेवले होते. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात अ आणि ई जीवनसत्त्व फारच थोडे असते. गर्भात असताना आईकडून ते फारसे मिळत नाही. ते मिळते चिकातून. चीक इतका पिवळा दिसतो तो कॅरोटीनमुळेच. रोगाशी झुंजण्याची शक्तीही वासराला चिकातूनच मिळते. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासातासाने कमी होते आणि दिवसभरात जवळजवळ संपते.

म्हणून वासरू जन्मल्यावर एक-दोन तासांच्या आत त्याला चीक पाजला पाहिजे. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. वासरू पंचवीस किलोचे असेल तर अडीच लिटर. तो एकदम नव्हे, तीन-चार वेळा मिळून. खरवस करायचाच असेल तर वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा करावा.

पण गाभण गाईला नुसता कडबाच मिळाला असेल तर चीकही दुबळा होतो. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडले तर गाईची वार अडकण्याचा आणि कासेला दगडी होण्याचा धोकाही वाढतो.

याचा अर्थ संकरित गाय घेऊच नये, असा नाही. ती जास्त दूध देते. पण तिला चाराही जास्त लागतो. गव्हाण रिकामी असेल तर नवी गाय आणून दुःख तेच राहील, वर कर्जाचा हप्ता येईल. गाय बदलण्याआधी गव्हाण बदलून पाहावी.

काय करता येईल?

१. न्हाणीचे सांडपाणी वाया घालवू नये. त्यावर गुंठाभर हत्तीघास लावावे. पाण्याची सोय असेल तर लसूणघासही लावावे. नुसते ओले लसूणघास उपाशी जनावराला घालू नये, पोटफुगी होते. आधी थोडा वाळला चारा घालावा.

२. पावसाळ्यात चारा मुबलक असतो. तेव्हा मुरघास करावा. मक्याच्या कणसात दाणा चिकात असताना मका कापावा. बारीक तुकडे करावेत. खड्ड्यात किंवा जाड पिशवीत दाबून दाबून भरावेत. आत हवा राहू देऊ नये आणि तोंड घट्ट बंद करावे. सुमारे पंचेचाळीस दिवसांत मुरघास तयार होतो. उन्हात वाळवलेल्या चाऱ्यापेक्षा त्यात कॅरोटीन जास्त टिकते.

३. बांधावर शेवरी, हादगा लावावा. उन्हाळ्यात त्याचा पाला कामी येतो. गाभण गाईला हिरव्याची मूठ आधी द्यावी.

४. खनिज मिश्रण घालायचे असेल तर गुरांच्या डॉक्टरांना विचारून घालावे. सेलेनियम जास्त झाले तर तेच विष होते.

दूध काढल्यानंतर

गाईने दिलेले राखणदार आपल्या हलगर्जीपणाने मरतात. दूध उन्हात उघडे ठेवू नये. उजेडाने त्याची चव बिघडते आणि जीवनसत्त्वे नासतात. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दूध ठेवू नये. तांबे दुधात उतरते आणि स्निग्ध भाग लवकर खवट होतो. आपले वाडवडील भांड्यांना कल्हई करून घेत, त्यात शहाणपण होते. आज स्टीलचे स्वच्छ झाकणाचे भांडे उत्तम.

शेवटी एक ध्यानात ठेवा. दूध चांगले अन्न आहे, पण ते सर्व रोगांवरचे औषध नव्हे. मुलांच्या ताटात शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, पपई हेही हवे. जे हिरवे गाईला हवे, तसेच हिरवे आपल्यालाही हवे.

वंश आपल्याला एका दिवसात बदलता येत नाही. गव्हाण मात्र आजपासून बदलता येते.

विचार करा आणि सांगा

१. म्हशीचे दूध पांढरे का असते?
२. वैशाखात गाईचे लोणी फिके का पडते?
३. फिनलंडमध्ये वंश न बदलता दूध कसे बदलले?
४. वासराला चीक केव्हा आणि किती पाजावा?
५. तुमच्या गव्हाणीत या उन्हाळ्यात हिरवे काय असेल? घरी बसून सर्वांनी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.