भरतीचा हिशेब

अलिबागला गेलात, तर कुलाबा किल्ला पाहाच. तो समुद्रात आहे. ओहोटीला पायी जाता येते. भरतीला वाट बुडते. तेव्हा पाण्यात उतरू नका, जीव जाईल.

वेळ कशी काढावी? कोळी दादा तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करा. समजा, चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती सुमारे तीन वाजता. त्याच्या सहा तास आधी, नऊला, पूर्ण ओहोटी. साडेआठला निघा, दहाच्या आत परत या. हा अंदाज आहे. किनाऱ्यावर विचारूनच पाऊल टाका.

किल्ल्यात गणपतीचे देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. ते १७२९ साली वारले.

सांगा पाहू : अष्टमीला भरती किती वाजता?