अवरक्त प्रकाशात नाकतोडा

हिरव्या पानावरचा हिरवा नाकतोडा डोळ्यांना चटकन दिसत नाही. अवरक्त प्रकाशात त्याचे छायाचित्र घेतले तर?

अशा चित्रात किड्याच्या अंगची उष्णता उमटते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. २७ अंश सेल्सियस तपमानाच्या वस्तूचे प्रारण मुख्यतः १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते. साध्या कॅमेऱ्याची मजल जेमतेम १,००० पर्यंत. म्हणजे चित्रात उमटतो तो परावर्तित सूर्यप्रकाशच. ७०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश हरितद्रव्य फारसा शोषत नाही. पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांमुळे तो विखुरून परततो आणि पान पांढरे दिसते. रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली.

नाकतोड्याचा हिरवा रंग मात्र हरितद्रव्याचा नसतो. तो निळ्या व पिवळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणाचा असतो. मग तो पानासारखा पांढरा दिसेल की वेगळा? पडताळून पाहा. धाराशिवकडे पावसाळा सरताना बांधावर नाकतोडे पुष्कळ असतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. कॅमेरा तिपाईवर ठेवा. एक चित्र साधे घ्या, दुसरे ७२० नॅनोमीटरची गाळणी लावून. कॅमेऱ्यातच अवरक्त अडविणारी काच असल्याने दुसऱ्याला कित्येक सेकंद लागतील. गाळणीतून सूर्याकडे मुळीच पाहू नका.