न वाचलेल्या ग्रंथाचे दडपण : अधिकार, उंबरठा आणि आरंभ

१

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात काही ग्रंथ असे असतात, की ज्यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते आणि जे फार थोडे उघडले जातात. ‘लीळाचरित्र’, ‘अनुभवामृत’, मर्ढेकरांच्या कविता, अलीकडच्या काळात ‘हिंदू’ ही अशा ग्रंथांची सहज आठवणारी नावे होत. विद्यार्थी या ग्रंथांकडे दुर्लक्ष करतो असे नव्हे. त्यांचे महत्त्व त्याला मान्य असते. किंबहुना ते मान्य असल्यामुळेच तो बिचकतो. ग्रंथ कपाटात असतो, त्यावर नाव घातलेले असते, आणि आरंभ मात्र पुढे ढकलला जातो. आळस, वेळेचा अभाव किंवा अभिरुचीचा ऱ्हास ही याची नेहमी सांगितली जाणारी कारणे आहेत. ती सर्वस्वी खोटी नाहीत. परंतु आळसात दडपण नसते, आणि येथे दडपण आहे. म्हणून या अनुभवाचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

फ्रेंच अभ्यासक पिएर बायार यांनी २००७ साली न वाचलेल्या पुस्तकांविषयी कसे बोलावे या विषयावर एक ग्रंथ लिहिला. ग्रंथाचे सांस्कृतिक स्थान ठाऊक असले की तो न वाचताही त्याविषयी बोलता येते, हा त्यातील एक प्रमुख विचार. मराठीच्या वर्गांत हे तंत्र कोणी न शिकवताही रुळलेले आहे. परंतु बोलता येणे आणि आरंभ करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला ग्रंथाविषयी न वाचताच बोलता येते, त्याला तो वाचायला घेणे अधिक अवघड जाते. कारण आधी बोललेले खोटे ठरण्याची शक्यता पहिल्या पानापासून त्याच्यासमोर उभी असते. या दडपणाचे मूळ काय, आणि मराठी ग्रंथपरंपरेने त्यावर कोणते उपाय योजले होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आरंभाचे भय केवळ वाचकाला असते असे समजणे बरोबर होणार नाही. मोठ्या ग्रंथाचा कर्ताही आरंभी बिचकतो, आणि हे बिचकणे भारतीय काव्यपरंपरेने लपविले नाही. कालिदास ‘रघुवंशा’च्या आरंभी स्वतःची तुलना लहानशा तराफ्यावरून समुद्र ओलांडू पाहणाऱ्याशी करतो. ज्ञानेश्वर पहिल्या अध्यायात चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटवीचा दृष्टांत देतात. याला विनयाचा संकेत म्हणून बाजूला सारता येईल; परंतु संकेत रूढ होण्यासाठी मुळात तसा अनुभव असावा लागतो. येथे महत्त्वाचे आहे ते हे, की ज्ञानेश्वर या भयातून एकट्याच्या बळावर बाहेर पडत नाहीत. गुरुकृपा आणि श्रोत्यांची क्षमाशीलता या दोहोंच्या आधाराने ते पुढे जातात. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात, त्याचे फळ काय ते सांगतात, आणि लगेच हे बोलणे प्रौढीचे नसून सलगीचे आहे असा खुलासाही करतात. कर्त्याच्या भयाला सभेचा आधार आहे. आधुनिक वाचकाच्या भयाला असा आधार उरलेला नाही, हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे.

३

संस्कृत शास्त्रग्रंथांत अनुबंधचतुष्टयाची पद्धत होती. अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी आरंभीच सांगितल्या जात. ग्रंथ कोणासाठी, कशाविषयी, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध कोणता, आणि वाचून काय मिळणार, हे वाचकाला उंबरठ्यावरच कळे. यातील ‘अधिकारी’ ही संज्ञा दुधारी आहे. ती काहींना आत घेते व काहींना बाहेर ठेवते. संस्कृत भाषेच्या मर्यादेमुळे आणि वर्णव्यवस्थेमुळे ती बहुतेकांना बाहेर ठेवणारीच ठरली, हे नाकारता येणार नाही.

मराठी ग्रंथकारांनी ही पद्धत टाकली नाही. तिचा रोख बदलला. ‘दासबोधा’चा पहिला समास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे आरंभ श्रोत्यांच्या प्रश्नांनी होतो : हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, आणि तो ऐकून काय मिळते? रामदास या प्रश्नांची क्रमाने उत्तरे देतात, ग्रंथात कोणकोणते विषय येणार ते सांगतात, नंतर फलश्रुती देतात. वीस दशक आणि दोनशे समास एवढ्या विस्ताराच्या ग्रंथासमोर उभ्या राहिलेल्या नवख्याच्या मनात जे प्रश्न येतील, तेच ग्रंथाने स्वतः उच्चारले आहेत. झेरार झनेत यांनी १९८७ साली मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना इत्यादींचा विचार ‘उंबरठे’ या नावाखाली केला. मराठी परंपरेत असा उंबरठा ग्रंथाच्या बाहेर चिकटविलेला नव्हता. तो संहितेचाच पहिला भाग होता.

४

‘दासबोधा’च्या याच समासात आणखी एक विधान आहे. संपूर्ण ग्रंथ न पाहता जो त्याला दूषण देतो तो मत्सराने वागतो, अशा आशयाचा इशारा रामदास देतात. याच्या शेजारी नामदेवांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगातील उपदेश ठेवून पाहावा. ज्ञानेश्वरीची निदान एक ओवी तरी अनुभवून पाहावी, असे तेथे म्हटले आहे. वरवर पाहता ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. एक समग्रतेचा आग्रह धरते, दुसरे अंशावर समाधान मानते. प्रत्यक्षात दोहोंचे विषय भिन्न आहेत. रामदास निर्णयाविषयी बोलतात, तर नामदेवांच्या नावावरील अभंग अनुभवाविषयी. निर्णयाचा अधिकार समग्र वाचनानेच मिळतो. अनुभवाचा अधिकार एका ओवीनेही मिळतो.

हा भेद न वाचलेल्या ग्रंथाचे दडपण समजून घेण्याची किल्ली आहे. सुमारे नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी ‘पुरी करायची आहे’ म्हणून हाती घेणारा आणि ती ‘उघडून पाहायची आहे’ म्हणून हाती घेणारा, हे दोन भिन्न वाचक होत. पहिल्याला पहिल्याच ओवीपासून शेवटच्या ओवीचे ओझे असते. आजच्या अभ्यासव्यवस्थेत अनुभव आणि निर्णय यांचा क्रम उलटला आहे. विद्यार्थ्याला प्रश्न येतो तो ग्रंथाचे वाङ्मयीन मूल्य, स्थान, वेगळेपण यांविषयीचा, म्हणजे निर्णयाचा. त्या निर्णयाची तयार उत्तरे मार्गदर्शक पुस्तकांत मिळतात. एकदा निर्णय हाती आला की ग्रंथ अनावश्यक ठरतो. आणि तरीही तो उघडावा असे वाटले, तर त्या निर्णयाला साजेसा अनुभव आपल्याला येईल की नाही ही धास्ती वाटू लागते. वाचक बिचकतो तो ग्रंथाच्या काठिण्यापेक्षा आपण कमी ठरू या शंकेने.

५

या बदलाला माध्यमाचेही कारण आहे. ज्ञानेश्वरी शतकानुशतके प्रामुख्याने ऐकली गेली. प्रवचनात, कीर्तनात, सप्ताहातील पारायणात ग्रंथ आधीच सुरू झालेला असतो. श्रोता येऊन बसतो. आरंभाची जबाबदारी त्याच्यावर नसते. न कळलेली ओवी पुढे निघून जाते आणि कळलेली जवळ राहते. त्यासाठी कोणी त्याला जबाबदार धरीत नाही. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. मुद्रणाने ग्रंथ घरोघरी नेला हे त्याचे मोठेच उपकार. मात्र त्याचबरोबर मूकवाचनात ग्रंथ एकट्याने उघडण्याची वेळ आली. कपाटातील ग्रंथ आपणहून सुरू होत नाही.

पुढील काळात ‘सार्थ’ आवृत्त्यांनी ही अडचण काही अंशी दूर केली. शं. वा. दांडेकर यांची १९५३ सालची आवृत्ती हे त्याचे ठळक उदाहरण. ओवीखाली अर्थ असला की वाचकाला सोबत मिळते. मात्र अशा आवृत्तीचा एक अपरिहार्य परिणाम असा, की डोळा ओवीवरून उतरून अर्थावर स्थिरावतो. सोबतीचे रूपांतर पर्यायात होणार नाही, याची काळजी अध्यापकानेच घ्यावयाची असते.

६

आता तीन ग्रंथांचा थोडा तपशिलात विचार करता येईल. या तिन्हींच्या दडपणाचे स्वरूप वेगवेगळे आहे.

‘लीळाचरित्रा’च्या बाबतीत इतिहासाचाच विरोधाभास आहे. केशोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील असे म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले, ही ‘स्मृतिस्थळा’तील आठवण सुपरिचित आहे. सामान्य स्त्रियांसाठी दार उघडे ठेवणाऱ्या या पंथाचे ग्रंथ पुढे सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांची उकल झाली, ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे ग्रंथ अभ्यासकांसमोर आला. लिपीचे कुलूप निघाले. पण ‘तेराव्या शतकातील आद्य गद्यग्रंथ’ या बिरुदाचे कुलूप त्या जागी बसले. प्रत्यक्षात म्हाइंभटांनी संकलित केलेली लीळा अनेकदा काही ओळींतच संपते. तिच्यात जेवण आहे, वाटचाल आहे, आजारपण आहे, भक्तांचे रुसवेफुगवे आहेत, बाइसांचे साधेभोळे प्रश्न आहेत. प्रत्येक लीळा स्वतंत्र असल्याने कोठूनही आरंभ करता येतो. मराठीतील इतका सुगम रचनेचा ग्रंथ ‘अवघड’ म्हणून न वाचला जावा, याला केवळ भाषेचे जुनेपण हे कारण पुरेसे नाही. मोठ्याने वाचली असता ती भाषा पाचदहा लीळांतच कानाच्या ओळखीची होते.

‘अनुभवामृता’चे दडपण आकाराचे असू शकत नाही. दहा प्रकरणे आणि सुमारे आठशे ओव्या एवढाच त्याचा विस्तार. येथे भय आहे ते तत्त्वज्ञानाचे, आणि उंबरठ्यावर पाच संस्कृत श्लोक उभे असल्याने ते वाढते. परंतु ते श्लोक ओलांडताच वाचक येतो तो एका संसारात. शिव आणि शक्ती हे दांपत्य आहे. घरात इनमीन दोघे. घरधनी निजला की घरधनीण जागी राहून एकटीच दांपत्यपण सांभाळते. अद्वैताचा सिद्धान्त येथे घरगुती बोलीत उतरला आहे. ज्याने वेदान्ताची परिभाषा आधी पाठ केली त्याला ही प्रतिमा केवळ दृष्टांत वाटते. ज्याने प्रतिमा आधी अनुभवली त्याला परिभाषेची गरज नंतर, आपोआप भासू लागते. म्हणजे ‘आधी प्रस्तावना, मग ग्रंथ’ हा रूढ क्रम येथे उलटा केल्यास अधिक लाभ संभवतो.

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. ‘झूल’ (१९७९) नंतर तीन दशकांनी आलेल्या या कादंबरीची प्रतीक्षा इतकी दीर्घ होती, की पुस्तकाआधी त्याची कीर्ती आली आणि पाठोपाठ वाद आले. परिणामी अनेक वाचकांनी पहिले पान उघडले तेव्हा बाजू आधीच ठरलेली होती. सुमारे सहाशे पृष्ठांचा विस्तार हे दडपणाचे दुसरे कारण. मोहेंजोदडो येथे उत्खननात गुंतलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याने मोरगावकडे निघतो, आणि या प्रवासाभोवती स्मृतींचे, आख्यानांचे, वंशकथांचे थर साचत जातात. सरळ कथानकाची अपेक्षा धरणारा वाचक येथे थकतो. परंतु उपशीर्षकातील ‘अडगळ’ हा शब्दच वाचनाची पद्धत सुचवितो. माळ्यावरच्या अडगळीतून कोणी ओळीने जात नाही; हाताला लागेल ते उचलून पाहतो, ओळखीचे निघाले की थांबतो. अशा वाचनाने कादंबरीविषयी निर्णय देता येणार नाही, तिच्यात शिरता मात्र येईल. दासबोधातील इशारा येथेही लागू आहे; आणि तो अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही घाईच्या मतांना लागू आहे.

७

यावरून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा, की न वाचलेल्या ग्रंथाचे दडपण हा वाचकाचा केवळ व्यक्तिगत दुबळेपणा नाही. ग्रंथाची कीर्ती, अभ्यासक्रमातील त्याचे स्थान, निर्णयाला दिलेले अग्रक्रम आणि एकाकी मूकवाचन यांतून ते घडते.

दुसरा असा, की दडपण संपूर्णपणे त्याज्यही नाही. ज्या ग्रंथासमोर मुळीच बिचकावेसे वाटत नाही, त्याच्याकडून वाचकाला आपल्यात काही बदल होण्याची अपेक्षाही नसते. टिटवीला सागराचे मोठेपण ठाऊक असते, म्हणूनच तिच्या प्रयत्नाला अर्थ येतो. प्रश्न भय नाहीसे करण्याचा नसून त्याला आधार देण्याचा आहे.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाविषयीचा आहे. वर्गात ग्रंथाच्या समीक्षेआधी ग्रंथाची काही पाने मोठ्याने वाचली जावीत. ‘लीळाचरित्रा’तील पाच लीळा, ‘अनुभवामृता’च्या पहिल्या प्रकरणातील वीस ओव्या एवढेही पुरेसे आहे. त्या वेळी मूल्यमापनाचा प्रश्न विचारला जाऊ नये. काय कळले, काय अडले, कोठे थांबावेसे वाटले, एवढेच विचारले जावे. अभ्यासक्रमातील वेचे हे ग्रंथाचा पर्याय म्हणून न शिकविता ग्रंथाची दारे म्हणून शिकविले जावेत. अध्यापकानेही आपण सर्व ग्रंथ पचविले आहेत असा आव आणू नये. कारण तो आव विद्यार्थ्याच्या दडपणात भरच घालतो.

पूर्वी सभेत जे काम वक्त्याचे होते, ते आज वर्गात अध्यापकाचे आहे. त्याने ग्रंथ सुरू करून द्यावा; विद्यार्थी येऊन बसतील, आणि त्यांतील काही वर्ग संपल्यावरही वाचीत राहतील.