नवा ब्राउझर आला की वेबसाइटवाले का घाबरतात?

कपड्याच्या धंद्यात पन्हा बदलला की सगळे हिशेब बदलतात. ३६ पन्ह्यात तीन मीटर लागणारा सदरा ४४ पन्ह्यात कमी कापडात बसतो. ग्राहकाला ते पटवता पटवता आपला घसा सुकतो. वेबसाइट तयार करणारे कारागीर नव्या ब्राउझरला घाबरतात तेही याच कारणाने. आपल्या वाशिम, कारंजा, मंगरूळपीरकडचे बरेच व्यापारी बंधू आता दुकानाची वेबसाइट करून घेत आहेत, म्हणून ही गोष्ट जरा समजून घेऊ.

इंटरनेटवरचे पान उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यातली नावे. वेबसाइट म्हणजे तयार चित्र नव्हे. ती एक लेखी चिठ्ठी असते : इथे नाव मोठे लिहा, इथे फोटो लावा, इथे भाव द्या. ब्राउझर ती चिठ्ठी वाचून पान उभे करतो. एकच माप दोन टेलरमास्तरांना दिले तर एकाचा खांदा सैल येतो, दुसऱ्याची बाही आखूड. इथेही तसेच होते. चिठ्ठी वाचणारा जो आतला भाग, त्याला इंजिन म्हणतात, आणि सगळा झगडा त्या इंजिनाचा आहे.

२ सप्टेंबर २००८ रोजी गुगलने क्रोमची पहिली आवृत्ती बाजारात आणली. तेव्हा जगभर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररचा जोर होता. त्याची २००१ सालची सहावी आवृत्ती तर वेबसाइटवाल्यांच्या जिवावर उठली होती. पान नियमाप्रमाणे बनवायचे, फायरफॉक्समध्ये ठीक दिसते का पाहायचे आणि मग एक्सप्लोररसाठी पुन्हा ठिगळे लावत बसायचे. त्या ठिगळांची मजुरी ग्राहक देत नसे. म्हणून क्रोमची बातमी आली तेव्हा अनेकांच्या तोंडून पहिला उद्गार निघाला, आणखी एक?

पण दुसऱ्याच श्वासाला त्यांना हायसे वाटले. क्रोमच्या आत वेबकिट नावाचे इंजिन होते, आणि ॲपलच्या सफारीतही तेच होते. म्हणजे दुकान नवे, माल ओळखीचा. सफारीत नीट दिसणारे पान क्रोममध्येही बहुतेक नीटच दिसणार होते. तारीफही झाली. प्रत्येक पान वेगळे चालत असल्यामुळे एक अडकले तरी बाकीची बंद पडत नसत, आणि पानातली हिशेबाची, हालचालीची कामे फार वेगाने होत. तक्रारही होती. ही आवृत्ती फक्त विंडोजवर चालत होती. पानांची सजावट करणारे पुष्कळ कारागीर ॲपलचा संगणक वापरणारे, त्यांना आपल्याच मशीनवर ती पाहता येईना. शिवाय फायरफॉक्सला जोडून मिळणारी दुरुस्तीची हत्यारे क्रोममध्ये नव्हती, त्यामुळे तारीफ करूनही लोक काम फायरफॉक्सवरच करत राहिले. फायरफॉक्सवाल्या मोझिलाची अवस्था तर अजबच. तिची बहुतेक कमाई गुगलच्याच करारातून येत होती. ज्याच्या ऑर्डरीवर कारखाना चालतो, त्यानेच समोर दुकान टाकले!

याच वेळी एक गडबड झाली, ती व्यापाऱ्याने नीट ऐकावी. क्रोमच्या करारातले अकरावे कलम काहींनी वाचले. त्यात असे होते की या ब्राउझरमधून तुम्ही जे टाकाल, दाखवाल, ते वापरण्याचा कायमचा आणि विनामोबदला हक्क गुगलला राहील. वेबसाइटवाले भडकले. आमच्या ग्राहकांचे काम आम्ही यातून पाठवायचे आणि हक्क तुमचा? गुगलने लगेच माघार घेतली. आपल्या दुसऱ्या सेवांच्या करारातला मजकूर चुकून तसाच आला असे सांगितले आणि कलम मागील तारखेपासून बदलले. वाचणारे निघाले म्हणून बदलले. आपण तर खाली ‘मान्य’ दाबून मोकळे होतो.

आता आपल्या घरची बाब. त्या काळात कित्येक मराठी वेबसाइट एका खास जातीच्या फॉन्टवर चालत. तो फॉन्ट पानाबरोबर आपोआप येई, पण फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. दुसऱ्या ब्राउझरमध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसे. याचा फटका मीही खाल्ला. २००९ साली एका मुलाकडून दुकानाचे पान करून घेतले, सहा हजार रुपये मोजले. दुकानाचे नाव मराठीत आणि उर्दूतही. त्याच्या संगणकावर झकास दिसले. पुढे भिवंडीच्या एका व्यापाऱ्याने ते क्रोममध्ये उघडले आणि मला फोन केला, “भाईजान, ये क्या लिखा है?” मराठी नाव, पत्ता, भाव, सगळे वाया गेलेले. गंमत म्हणजे उर्दू नाव शाबूत होते. ते युनिकोडमध्ये टाकले होते, फक्त नस्तालीकऐवजी नस्ख वळणात दिसत होते. मी उर्दू शाळेत शिकलेला, तेव्हा खूश व्हावे की रडावे कळेना. मुलगा म्हणाला, ग्राहकाला सांगा एक्सप्लोरर वापरा. ग्राहकाने कुठला चष्मा लावून दुकानात यावे हे दुकानदार सांगतो का? मराठी मजकूर नंतर दुसऱ्याकडून युनिकोडमध्ये पुन्हा भरून घेतला, त्याचे पैसे वेगळे. नवे ब्राउझर आले, लोक त्यांच्याकडे गेले, म्हणून असे जुने फॉन्ट सोडण्याची पाळी अनेकांवर आली. मराठीला हा फायदाच झाला.

पुढे चित्र पालटले. २०१३ मध्ये गुगलने वेबकिटपासून फुटून ब्लिंक हे इंजिन काढले. ऑपेरा त्याच साली गुगलच्या मार्गाला लागला, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एजसाठी तेच घेतले, आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररला निरोप मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईच्या जिओने मराठीसह आठ भारतीय भाषांचा जिओपेजेस आणला, २०२३ मध्ये चेन्नईच्या झोहोने उला आणला. दोन्हींच्या आत ब्लिंकच. त्यामुळे नवा ब्राउझर आला तरी कारागीर आता दचकत नाही. किनारीवरचा शिक्का वेगळा, ताणाबाणा तोच. जाणत्यांची काळजी आता उलटी आहे. वेगळ्या इंजिनावर चालणारे मोठे ब्राउझर फायरफॉक्स आणि सफारी एवढेच उरले. एकाच मिलचा माल सगळ्या बाजारात असला की भाव कोण ठरवतो, हे कपडेवाल्याला सांगायला नको.

तेव्हा पान करून घेताना शेवटचा हप्ता देण्याआधी ते स्वतः उघडून पाहा. दुकानातल्या साध्या ॲण्ड्रॉइड फोनवर क्रोममध्ये, मग फायरफॉक्समध्ये, आणि कोणा नातलगाचा आयफोन मिळाला तर त्यावर सफारीत. मराठी जोडाक्षरे, रुपयाचे चिन्ह, फोन नंबर आणि ऑर्डरचे बटण तिन्ही ठिकाणी तपासा. मजकूर युनिकोडमध्येच राहील, हे कारागिराकडून बिलावर लिहून घ्या.