मागणीनुसार छपाईचा व्यवसाय आणि व्यापारचिन्हाचा कायदा

ठाणे शहरातील नौपाडा हा जुना व गजबजलेला भाग. येथील गोखले मार्ग आणि राम मारुती मार्ग यांवरील दुकाने खरेदीसाठी प्रसिद्ध आहेत. अशा ठिकाणी दुकान थाटावयाचे तर जागा हवी, भांडवल हवे आणि मालाचा साठाही हवा. परंतु यांपैकी काहीही जवळ नसताना करता येण्याजोगा एक व्यवसाय आता घरोघरी पोहोचला आहे. संगणकावर एखादे चित्र किंवा वाक्य तयार करावयाचे व ते विक्रीच्या संकेतस्थळावर ठेवावयाचे. ग्राहकाची मागणी आली की छपाई करणारी कंपनी ते टीशर्टवर, मगवर किंवा पिशवीवर छापून परस्पर पाठविते. यालाच मागणीनुसार छपाई असे म्हणतात.

गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि बचत गटांच्या सदस्या यांना हा व्यवसाय उपकारक ठरू शकतो, यात शंका नाही. मात्र त्याबरोबर एक गैरसमजही पसरला आहे. 'मी केवळ चित्र काढून दिले. माल छापणारा निराळा व विकणारा निराळा' असे अनेकांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ अन्वये संकेतस्थळाच्या चालकास काही अटींवर संरक्षण मिळू शकते. आपले चित्र विक्रीस ठेवणाऱ्यास ते मिळत नाही. या व्यवसायात मालाचा साठा नसतो, परंतु जबाबदारी असते.

व्यापारचिन्ह म्हणजे काय?

एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता यावा म्हणून वापरलेले नाव, शब्द, अक्षरे, आकृती किंवा बोधवाक्य म्हणजे व्यापारचिन्ह होय. व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्याखाली नोंदलेल्या चिन्हास दहा वर्षे संरक्षण मिळते व पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. चित्राच्या निर्मितीवरील हक्क, म्हणजे कॉपीराइट, हा याहून वेगळा आहे. दोन-चार शब्दांच्या वाक्यास सहसा कॉपीराइट मिळत नाही. पण तेच वाक्य कोणाचे नोंदलेले व्यापारचिन्ह असू शकते. वास्तूही यास अपवाद नाही. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या वास्तूची प्रतिमा २०१७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदली गेली. मुंबईची दृश्ये टीशर्टवर छापणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

अक्षरात थोडा फरक केला, रंग बदलला किंवा खाली मूळ मालकाचे नाव दिले म्हणजे दोष उरत नाही, ही समजूतही चुकीची आहे. ग्राहकाचा गोंधळ होण्याइतके साम्य असले तरी ते कायद्याने उल्लंघन ठरते. न्यायालय विक्रीस मनाई करू शकते, नुकसानभरपाई किंवा झालेला नफा देण्याचा आदेश देऊ शकते. चिन्हाचा खोटा वापर हा फौजदारी अपराधही आहे. कलम १०३ व १०४ अन्वये त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

'झकास' आणि 'भिडू'

अलीकडील दोन प्रकरणे मराठी वाचकांस विशेष उद्बोधक वाटतील. सप्टेंबर २०२३ मध्ये अभिनेते अनिल कपूर यांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन त्यांचे नाव, छायाचित्र व आवाज यांबरोबरच 'झकास' या त्यांच्या लकबीच्या शब्दाचा प्रतिवादींकडून होणारा अनधिकृत व्यापारी वापर रोखला. मे २०२४ मध्ये अभिनेते जॅकी श्रॉफ यांच्या दाव्यात त्याच न्यायालयाने त्यांच्या नावासह 'जग्गू दादा' व 'भिडू' या संबोधनांनाही अंतरिम संरक्षण दिले. त्यांची छबी असलेल्या वस्तू ऑनलाइन विकणारे विक्रेते प्रतिवादींमध्ये होते.

मैदानावरच्या खेळगड्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या भिडू म्हणत आलो आहोत. तो शब्द बोलण्यास किंवा लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही. परंतु तोच शब्द एखाद्या नामवंताची आठवण करून देत माल खपविण्यासाठी वापरला की प्रश्न बदलतो. शब्द लोकांचा असला तरी त्याभोवती कोणी निर्माण केलेला लौकिक सर्वांचा नसतो, हा यातील बोध होय.

थोर पुरुष आणि राष्ट्रीय चिन्हे

काही नावे व चिन्हे कोणत्याच विक्रेत्याची नसतात. चिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत राष्ट्रध्वज व शासकीय चिन्हे यांबरोबर छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे व चित्रे यांचाही समावेश आहे. केंद्र शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून त्यांचा व्यापारासाठी किंवा व्यापारचिन्ह म्हणून वापर करण्यास या अधिनियमाने प्रतिबंध केला आहे. ज्या आदराने आपण ही नावे घेतो, त्याच आदरापोटी ही मर्यादा पाळावयास हवी. राष्ट्रध्वज रुमाल, उशी किंवा कपड्याच्या कापडावर छापणे हे १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अधिनियमानुसारही निषिद्ध आहे.

वारली चित्रकलेस २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले आहे. नोंदणीतील क्षेत्राबाहेर काढलेल्या नक्षीस 'अस्सल वारली' म्हणून विकणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आणि आदिवासी कलावंताच्या हक्कावर अतिक्रमण होय.

आधी शोध, मग छपाई

चित्र विक्रीस ठेवण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा.

१. केंद्र शासनाच्या व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शब्द शोधून पाहावा. ही सोय विनाशुल्क आहे. मराठी शब्द रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिले जातात. म्हणून सर्व संभाव्य रूपे व सारख्या उच्चाराचे शब्दही तपासावेत.

२. मालाच्या व सेवांच्या एकूण ४५ वर्गांपैकी आपला वर्ग पाहावा. कपडे २५ व्या वर्गात, मग २१ व्या वर्गात, भित्तिचित्रे व कागदी वस्तू १६ व्या वर्गात येतात. सुप्रसिद्ध चिन्हास मात्र इतर वर्गांतही संरक्षण मिळू शकते.

३. चित्रपट, क्रीडासंघ, नट-नट्या, गायक व कार्टून पात्रे यांची नावे, छबी व संवाद लेखी परवानगीवाचून वापरू नयेत.

४. आपल्या चित्राचे कच्चे आराखडे तारखेसह जपून ठेवावेत. वाद उद्भवल्यास तेच आपला पुरावा ठरतात.

५. स्वतःच्या व्यवसायाचे नाव नोंदवावे. व्यक्ती व लघुउद्योगास ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठीचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिल येथे आहे. नोंदणी पूर्ण होण्यापूर्वी नावापुढे नोंदणीकृत असल्याची खूण लावणे कायद्यास धरून नाही.

नोटीस आल्यास

नोटीस आली म्हणून घाबरून जाऊ नये. तिच्याकडे दुर्लक्ष तर मुळीच करू नये. संबंधित वस्तूची विक्री तत्काळ थांबवावी, विक्रीचा हिशेब जपून ठेवावा व मुदतीत उत्तर द्यावे. न वाचता कोणत्याही हमीपत्रावर सही करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये महिलांना तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांचे या कामी मोठे साहाय्य होऊ शकेल. बचत गटाच्या बैठकीत किंवा कार्यानुभवाच्या तासाला चित्र कसे काढावे हे आपण शिकवितोच. ते कोणाचे आहे हे तपासावयासही शिकविले पाहिजे. आपल्या सणांत, शेतीत, नदी-डोंगरांत आणि बोलीत नव्या नक्षीला पुरून उरेल एवढे भांडार आहे. ते सोडून दुसऱ्याच्या चिन्हावर उभारलेला संसार एका नोटिशीने कोसळू शकतो. स्वतःच्या कल्पनेतून उतरलेली साधी रेघ मात्र कष्टकऱ्याची कायमची मालमत्ता ठरते.